पाटीवरचा एन.एच. फोर

होसकोटेला राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात माझं एक पार्सल परत गेलं. पत्ता मी शहाण्यासारखा अद्ययावत लिहिला होता : राष्ट्रीय महामार्ग ७५. पार्सलवाल्या पोराचा फोन आला. दख्खनी हिंदीत तो ठामपणे म्हणाला, असा रस्ता इकडे नाही. इकडे आहे तो एन.एच. फोर. मी म्हटलं, अरे, तोच तो. तो म्हणाला, मग तसं लिहायचं ना.

दोघांचंही बरोबर होतं. देशातल्या राष्ट्रीय महामार्गांना २०१० मध्ये नवे क्रमांक मिळाले. त्याआधी मुंबईहून निघून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत बंगळुरूला पोचणारा आणि तिथून होसकोटे, कोलारवरून चेन्नईकडे जाणारा सगळा रस्ता एकच होता : क्रमांक ४. नव्या हिशेबात मुंबई-बंगळुरूचा तुकडा ४८ मध्ये गेला आणि होसकोटेचा ७५ मध्ये. राजपत्र बदललं, सरकारी फलक बदलले. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका आणि लोकांची तोंडं मात्र जिथल्या तिथे राहिली. पुण्याच्या बाजूला तरी वेगळं काय आहे? तिकडेही बायपासला ‘एन.एच. फोर’च म्हणतात.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कोड बदलला, डॉक्स बदलले नाहीत. ‘डॉक्स’ म्हणजे डॉक्युमेंटेशन. शासकीय मराठीत त्याला ‘दस्तऐवजीकरण’ असा शब्द आहे, पण तो उच्चारेपर्यंत दस्तऐवज शिळा होतो, म्हणून या प्रकरणात आपण डॉक्सच म्हणू.

या गावाच्या बाबतीत हे फार जुनं दुखणं आहे. शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीत बंगळुरूबरोबर होसकोटेही होतं. पुढे पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, १७६८ च्या ऑगस्टमध्ये, इंग्रजांच्या बाजूने उतरलेल्या मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदर अलीने इथंच रात्री छापा घातला. पण त्या काळच्या इंग्रजी कागदांत ‘होसकोटे’ शोधाल तर हाती काही लागत नाही. तिथं गावाचं नाव ‘ऊस्कोटा’ असं वाचावं लागतं. नाव बदललं की जुना कागद खोटा ठरत नाही, पण सापडेनासा होतो.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे ओपन सोर्स वेब फ्रेमवर्क आणि त्यांचे डॉक्स राखणाऱ्यांकडे. वेब फ्रेमवर्क म्हणजे काय, हे मी नेहमी मंगल कार्यालयाच्या उदाहरणाने सांगतो. लग्न तुमचं, माणसं तुमची, पण भटारखाना, पाणी, वीज, पंगतीची जागा, वधूपक्षाची खोली हे सगळं कार्यालयाचं. प्रत्येक संकेतस्थळाला काही गोष्टी लागतातच : कुठल्या पत्त्यावर आलेल्या पाहुण्याला कुठं पाठवायचं, फॉर्ममध्ये भरलेलं कसं वाचायचं, डेटाबेसशी कसं बोलायचं, लॉगिन झालेला माणूस ओळखायचा कसा. दर वेळी हे नव्याने बांधत बसू नये म्हणून कुणीतरी एकदाच बांधून ठेवतो, ते फ्रेमवर्क. आणि मंगल कार्यालयासारखंच, तिथं गेलात की त्यांच्या पद्धतीने वागावं लागतं. तुम्ही फ्रेमवर्कला हाक मारत नाही. तुमची वेळ झाली की ते तुम्हाला हाक मारतं. म्हणून त्याचे नियम आधी माहीत असावे लागतात, आणि म्हणून डॉक्स.

ओपन सोर्स म्हणजे या कार्यालयाच्या नकाशासकट सगळं उघड्यावर. कुणीही यावं, वापरावं, भिंत पाडून दाखवावी, नवी खोली सुचवावी. अशा सुचवण्याला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात, रोजच्या बोलण्यात पीआर. ती वाचून आत घ्यायची की परत पाठवायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे मेंटेनर. बांधणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. या प्रकरणात आपल्याला राखणाऱ्याकडे बघायचं आहे, आणि त्यातही त्याच्या एका विशिष्ट डोकेदुखीकडे. कोड मोडला की ओरडतो. काहीतरी लाल होतं, पान उघडत नाही, गिऱ्हाईक फोन करतं. डॉक्स मोडले की काहीच होत नाही. पान तसंच छान दिसत राहतं. कुठंतरी कुणीतरी रात्री दोन वाजता ते वाचून चुकीची आज्ञा देतो आणि स्वतःलाच मूर्ख समजतो. मीही एकदा एका जुन्या पानावर विश्वास ठेवून अपग्रेड करायला बसलो होतो. ते पान दोन आवृत्त्या मागचं होतं हे पहाटे कळलं, तोवर बॅकअपमधून सगळं परत आणायची पाळी आली होती.

अशा राखणाऱ्यांचं एक जवळचं उदाहरण होसकोटेहून पंचवीस-सत्तावीस किलोमीटरवर, बंगळुरूतच आहे. वेब डॉट पाय हे पायथन भाषेतलं एक छोटं फ्रेमवर्क. ते मुळात लिहिलं ॲरन स्वार्ट्झ या अमेरिकन तरुणाने. २००५ च्या डिसेंबरात रेडिट हे संकेतस्थळ लिस्प भाषेतून पायथनमध्ये नव्याने लिहिलं गेलं, ते याच्यावर. स्वार्ट्झने ते कुठल्याही अटीशिवाय सार्वजनिक मालकीत सोडून दिलं. रेडिट पुढे दुसरीकडे गेलं, पण इंटरनेट अर्काइव्हचा ‘ओपन लायब्ररी’ हा प्रकल्प, प्रत्येक पुस्तकाला स्वतःचं एक पान मिळावं म्हणून सुरू झालेला, वेब डॉट पायवरच उभा राहिला. त्या प्रकल्पात स्वार्ट्झबरोबर काम करणारे बंगळुरूचे आनंद चितिपोतू पुढे या फ्रेमवर्कचे मेंटेनर झाले. ११ जानेवारी २०१३ रोजी स्वार्ट्झ गेला, तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता. त्याच्या नावावर लेख आले, माहितीपट निघाला. वेब डॉट पायच्या आवृत्त्या निघत राहिल्या ते त्याच्यामागून राखणाऱ्या काही मोजक्या लोकांमुळे. त्यांच्यावर माहितीपट निघालेला नाही, आणि निघाला तर फार कंटाळवाणा होईल : एक माणूस वाचतो आहे, वाचतो आहे, एक ओळ बदलतो आहे.

हे कंटाळवाणं काम जवळून बघू. वेब डॉट पायमध्ये ‘कॉमिफाय’ नावाचं एक चिमुकलं फंक्शन आहे. आकडा द्या, ते त्यात स्वल्पविराम घालून परत देतं. फंक्शनच्या डोक्यावर, तीन-तीन अवतरणचिन्हांच्या मध्ये, त्याची माहिती लिहिली आहे : पूर्णांकात स्वल्पविराम घालतं. त्याखाली नमुने आहेत. तीन बाणांची खूण, पुढे फंक्शनला दिलेला आकडा, आणि खालच्या ओळीवर उत्तर. १२३ दिले तर १२३. १२३४ दिले तर १,२३४. मग एक लांबलचक आकडा, आणि उत्तर १,२३४,५६७,८९०.

भारतीय वाचकाला इथं एका नजरेत कळतं की हे फंक्शन आपल्या कामाचं नाही. आपल्याला १,२३,४५,६७,८९० हवं असतं. एक अब्ज तेवीस कोटी म्हणणाऱ्या माणसाचे स्वल्पविराम वेगळ्या जागी पडतात. ‘ही पद्धत पाश्चात्त्य आहे’ असं वाक्य तिथं कुठंही नाही, नमुन्यानेच सांगितलं. मला विचाराल तर चांगल्या डॉक्सचं लक्षण हेच : वर्णन कमी, नमुना नेमका.

पण खरी गंमत पुढे आहे. ते नमुने केवळ वाचण्यासाठी नाहीत. पायथनमध्ये २००१ पासून ‘डॉकटेस्ट’ नावाची सोय आहे. ती अशी माहिती वाचत जाते, तीन बाणांपुढची आज्ञा खरोखर चालवते आणि आलेलं उत्तर खाली लिहिलेल्या उत्तराशी ताडून बघते. उद्या एखाद्या उत्साही पोराने लाख-कोटींसाठी कॉमिफाय बदललं आणि वरचा नमुना बदलायला विसरला, तर यंत्र तिथल्या तिथे सांगेल : अपेक्षित हे होतं, आलं हे. म्हणजे डॉक्सना आवाज मिळाला. कोडइतकाच खणखणीत.

सगळेच डॉक्स असे तीन बाणांत बसवता आले असते तर हे प्रकरण इथंच संपलं असतं. पण ट्यूटोरियलमधलं साधं वाक्य, ‘आता हे चालवा’, कुठल्या यंत्राने तपासायचं? आणि कधीकधी तर वाक्य आपल्या जागी बरोबर असतं, जगच सरकतं. पायथनसोबत वर्षानुवर्षं ‘सीजीआय’ नावाचं एक जुनं मॉड्यूल येत असे. फॉर्ममधून आलेला मजकूर आणि फाइली उलगडायला त्याचा उपयोग होई, आणि वेब डॉट पायची २०२० च्या नोव्हेंबरातली ०.६२ ही आवृत्ती ते वापरते. पायथनच्या कर्त्यांनी अशी बरीच जुनी मॉड्यूल्स अडगळ ठरवली. २०२२ मध्ये ३.११ आवृत्तीपासून सीजीआयवर इशारा छापला जाऊ लागला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ३.१३ मध्ये ते काढूनच टाकलं. आता ३.१३ वर ०.६२ बसवा, बसेल. चालवायला जा, पहिल्याच ओळीला अडेल : सीजीआय नावाचं काही सापडत नाही. वेब डॉट पायचं कुणी एक अक्षरही बदललं नव्हतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने भिंतीला हातही लावला नाही आणि मालकाने नळ काढून नेला, असा हा प्रकार. दुरुस्ती अवघड नव्हती, फॉर्म उलगडायला दुसरी लायब्ररी आणून रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक कोठारात, ती झालीही. पण मेंटेनन्स म्हणजे ‘बिघडलं तर दुरुस्त करणं’ असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. न बिघडलेलंही बिघडतं.

आता त्याच जुन्या एन.एच. फोरने उलट निघून मुंबईला जाऊ. फ्राप्पे हे महाराष्ट्रात जन्मलेलं वेब फ्रेमवर्क. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्याचा कारभार सांभाळण्यासाठी सॉफ्टवेअर करायला घेतलं, २००८ मध्ये त्याची कंपनी झाली, आणि त्यातून ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा, पगार सांभाळणारं सॉफ्टवेअर आणि त्याच्याखालचं फ्राप्पे अशा दोन गोष्टी निघाल्या. दोन्ही ओपन सोर्स. ईआरपीनेक्स्ट जीपीएल परवान्याखाली, फ्राप्पे त्याहून मोकळ्या एमआयटी परवान्याखाली. फ्राप्पेत प्रत्येक गोष्ट ‘डॉकटाइप’ असते. गिऱ्हाईक हा एक डॉकटाइप, बिल हा एक, सुट्टीचा अर्ज हा एक. त्यातल्या प्रत्येक रकान्याला स्वतःच्या वर्णनाची जागा असते आणि ते वर्णन फॉर्मवर रकान्याखाली बारीक अक्षरात दिसतं. म्हणजे डॉक्सचा एक हिस्सा थेट वापरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतो.

समजा, नाशिकजवळच्या एका पंपाच्या कारखान्यात ईआरपीनेक्स्ट सांभाळणारी एक मुलगी आहे. तिला हवं आहे की तारखेच्या रकान्यात सुट्टीचा दिवस निवडताच येऊ नये. ती फ्राप्पेत चाळीसेक ओळी लिहिते, तिच्याकडे छान चालतात, आणि ती पीआर पाठवते. तिथून पुढे काय होतं?

आधी माणूस येतच नाही, यंत्रं येतात. पीआरच्या शीर्षकाची सुरुवात ठरलेल्या शब्दांपैकी एकाने आहे का, हे एक यंत्र बघतं. नवी सोय असेल तर ‘फीट’, दुरुस्ती असेल तर ‘फिक्स’. दुसरं यंत्र ओळींची ठेवण आणि ठरावीक चुका तपासतं. तिसरं सगळ्या चाचण्या मारियाडीबी या डेटाबेसवर चालवतं, पुन्हा पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर चालवतं. आणि एक छोटी स्क्रिप्ट असते, तिचं काम एवढंच : शीर्षक ‘फीट’ने सुरू होतं ना, मग वर्णनात डॉक्सचा दुवा आहे का ते बघ. नसेल तर पीआरवर लाल फुली, डॉक्सचा दुवा सापडला नाही म्हणून. असेल तर शाबासकी. खरंच लागत नसतील तर ‘नो-डॉक्स’ असं लिहून सुटका करून घेता येते, पण ते लिहावं लागतं, सगळ्यांच्या देखत. ही स्क्रिप्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं होतं, कारण शाळेत गृहपाठाच्या वहीवर पालकांची सही आहे का एवढंच बघणारे सर आठवले. वहीत काय लिहिलंय ते सर वाचत नसत. पण सही आणायची म्हणून वही घरी उघडली जायची, हेही तितकंच खरं.

मग माणूस येतो. तो पहिल्यांदा कोडबद्दल बोलतच नाही. विचारतो : सुट्ट्यांची यादी कुठून घेणार? दोन राज्यांत कारखाने असतील तर? जुन्या नोंदींत सुट्टीच्या दिवसाची तारीख आधीच असेल आणि आता ती नोंद पुन्हा जतन करायला गेलं तर अडणार का? मुलीने चाळीस ओळी लिहिल्यात. मेंटेनरला दिसतात त्या ओळींमागून येणारे चारशे प्रश्न. बहुतेक वेळा उत्तर येतं की हे फ्रेमवर्कमध्ये नको, तुमच्या स्वतंत्र ॲपमध्ये ठेवा, त्यासाठी आम्ही ‘हुक’ दिलेत, तिथं अडकवा. मुलीला वाईट वाटतं. फुकट दिलेली वस्तू कुणी नाकारावी, याचं आपल्याकडे नवल वाटतंच. पण आत घेतलेली प्रत्येक ओळ सांभाळायची असते, तिचे डॉक्स सांभाळायचे असतात, आणि ती देणारा सहा महिन्यांनी नोकरी बदलून गेलेला असतो. नाही म्हणणं हा मेंटेनरच्या कामाचा निम्मा भाग आहे. उरलेला निम्मा म्हणजे ते ‘नाही’ इतकं नीट लिहिणं की समोरच्याने पुन्हा यावं.

पीआर आत गेलीच, तरी ती एकाच ठिकाणी जात नाही. नवं काम ‘डेव्हलप’ शाखेत चालतं आणि लोक वापरतात ती आवृत्ती १४, १५ अशी. म्हणून दुरुस्ती मागच्या आवृत्त्यांतही उतरवावी लागते. त्यासाठी पीआरवर लेबल लावलं की बॉट स्वतःच जुन्या शाखेवर तिची प्रत काढतो. दर मंगळवारी त्या दुरुस्त्यांची गठडी बांधून नवी उपआवृत्ती बाहेर पडते. आठवडी बाजार भरतो तसं. कोडपुरतं हे यंत्र झकास चालतं. डॉक्सच्या पानाला मात्र अशा शाखा पाळणं कठीण. आवृत्ती १४ वापरणारा वाचक आणि १५ वापरणारा वाचक एकाच पानावर येतात, आणि दोघांनाही वाटतं की हे माझ्यासाठी लिहिलंय.

फ्राप्पेच्या रेपोत एक मजेदार फाइल होती, ‘रुलेट’ नावाची. कुठल्या पीआरवर कुठल्या चाचण्या चालवायच्या ते ती ठरवत असे. बदललेल्या फाइली सगळ्या डॉक्सच्याच असतील तर ती सांगे की फक्त डॉक्स बदललेत, आणि काम थांबवी. हे शहाणपणाचंच आहे. एक शुद्धलेखन दुरुस्त केलं म्हणून तासभर सर्व्हर कशाला तापवायचे? पण वर म्हटलेलं दुखणं इतक्या मोजक्या शब्दांत मी दुसरीकडे वाचलं नाही. कोड बदलला तर शंभर डोळे. फक्त डॉक्स बदलले तर : ठीक आहे, जा.

या बाबतीत सर्वांत कडक शिस्त जँगोची. हे फ्रेमवर्क अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि २००५ मध्ये खुलं झालं. वर्तमानपत्रात जन्मल्यामुळे असेल, पण लिहिण्याची लाज तिथं कुणाला वाटली नाही. चाचण्या आणि डॉक्स नसतील तर नवी सोय आत जात नाही. जुनी सोय काढायची तर एकदम कापत नाहीत. आधी ती चालू ठेवून इशारा देतात, आणि त्या इशाऱ्याच्या नावातच लिहिलेलं असतं की ही अमुक आवृत्तीत जाणार आहे. निदान दोन आवृत्त्यांची मुदत मिळते. डॉक्समध्ये बदललेल्या जागी खूण असते की हे अमुक आवृत्तीपासून. आणि ती आवृत्ती पुरेशी जुनी झाली की ती खूणही काढून टाकतात, कारण सगळीकडे खुणाच दिसायला लागल्या की वाचणाऱ्याला रस्ता दिसत नाही. महामार्गवाल्यांनी पंधरा वर्षांपूर्वी एवढंच केलं असतं, नव्या फलकावर दोन वर्षं खाली कंसात ‘जुना ४’ लिहिलं असतं, तर माझं पार्सल पोचलं असतं.

जँगोकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे डॉक्सची चार घरं. हात धरून शिकवणारं पान वेगळं, ‘हे कसं करायचं’ सांगणारं वेगळं, नुसता तक्ता असलेलं संदर्भाचं पान वेगळं, आणि असं का हे समजावणारं वेगळं. स्वयंपाकघरात हे भेद आपण न शिकता पाळतो. मुलीला पहिली पोळी लाटायला शिकवताना आई ग्लुटेनवर भाषण देत नाही, आणि अनारशाचं पीठ का आंबवायचं हे विचारणाऱ्याला ‘चार वाट्या तांदूळ’ हे उत्तर पुरत नाही. बिघडलेले डॉक्स बहुतेक वेळा चुकीचे नसतात. चार घरांतलं सामान एका खोलीत कोंबलेलं असतं.

मराठी वाचकासाठी यात एक वेगळा कोपरा आहे, तो अनुवादाचा. ईआरपीनेक्स्टमध्ये मराठीची एक फाइल होती. एका रकान्यात इंग्रजी वाक्य, शेजारी मराठी. यातली खोच अशी की किल्ली म्हणून तिथं इंग्रजी वाक्यच वापरलेलं असतं. कुणी मूळ वाक्यातला एक पूर्णविराम काढला की शेजारचं मराठी पोरकं झालं. स्क्रीनवर पुन्हा इंग्रजी दिसू लागतं आणि कोडच्या दृष्टीने काहीही मोडलेलं नसतं. शिवाय सुटा शब्द अनुवादकाच्या हातात पडतो. ‘लीड’ म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक की शिसं, हे एकट्या शब्दावरून कसं कळावं? म्हणून अशा फाइलींत संदर्भ लिहायला वेगळी जागा ठेवलेली असते. ती जागा भरणं हेही मेंटेनन्सच, आणि ते करायला पायथन यावं लागत नाही. मराठी यावं लागतं, आणि गोदामात किंवा हिशेबाच्या टेबलावर माणसं खरोखर काय बोलतात ते माहीत असावं लागतं. ‘इन्व्हॉइस’ला ‘बीजक’ लिहिणाऱ्याने एकदा तरी मार्केट यार्डात जाऊन कानोसा घ्यावा. तिथं ‘बिल’ म्हणतात.

हे सगळं करायचं कुणी आणि कशावर? जँगोच्या संस्थेने २०१४ पासून ‘फेलो’ नेमले : पगारी माणसं, ज्यांचं काम नव्या सोयी लिहिणं नसून आलेले इश्यू, म्हणजे तक्रारी, वाचणं, छाननी करणं, आवृत्त्या काढणं. फ्राप्पेमागे कंपनी आहे. बंगळुरूच्या झेरोधाने आणि फ्राप्पेने मिळून २०२० मध्ये फॉस युनायटेड ही संस्था काढली, आणि २०२४ मध्ये झेरोधाने जगभरच्या ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. बहुतेक प्रकल्पांच्या वाट्याला यातलं काही येत नाही. थकलेला एकटा मेंटेनर किती महाग पडू शकतो हे जगाने मार्च २०२४ मध्ये पाहिलं. एक्सझेड या लहानशा लायब्ररीत, मदतीला म्हणून दोनेक वर्षं गोड बोलत आलेल्या एकाने चोरदार बसवलं होतं. सापडलं ते एका इंजिनियरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याची टोचणी लागली म्हणून.

बांधणारा आणि राखणारा हा भेद आमच्या गावातही जुना आहे. होसकोटेचा तलाव सोळाव्या शतकाच्या अखेरीस तम्मेगौडाने बांधला असं जुनं गॅझेटियर सांगतं, आणि बांध दोन मैल लांब असल्याचंही. तम्मेगौडाचं नाव नोंदलं गेलं. कानडी मुलखात अशा प्रत्येक तलावाला एक ‘नीरुगंटी’ असे. पाणी सोडायची तूब किती उघडायची, कुणाच्या शेताला आज पाणी आणि कुणाच्या नाही, हे तो ठरवी. गाळ कुठं साठतोय, बांधाला उंदरांनी बिळं कुठं पाडलीत, हे त्याला चालून चालून माहीत असे. त्याचं शास्त्र कुठं लिहिलेलं नसे. ते त्याच्या पायांत असे आणि पोराच्या पायांत जाई. पोरगा बंगळुरूला कारखान्यात गेला की तलावाचे डॉक्स संपले. म्हणून मला कुणी नवशिका विचारतो की ओपन सोर्समध्ये सुरुवात कुठून करू, तर मी सांगतो, नवी सोय लिहू नकोस. एखादं ट्यूटोरियल उघड, कोऱ्या मशिनवर अक्षरशः जसं लिहिलंय तसं करत जा, आणि जिथं अडशील ती ओळ दुरुस्त करून पाठव. जुन्या जाणत्याला ते करता येत नाही. तो नकळत न लिहिलेली पायरी घेऊन पुढे जातो, आणि पान बरोबर आहे म्हणून सांगतो. पहिल्यांदा अडखळणारा माणूस हीच डॉक्सची एकमेव भरवशाची चाचणी, आणि ती त्याला आयुष्यात एकदाच देता येते. दुसऱ्यांदा त्याला पायरी माहीत झालेली असते.

परवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी टायरचं नवं दुकान लागलं. पेंटर शिडीवर चढून पत्ता रंगवत होता. कानडीत दुकानाचं नाव, खाली इंग्रजीत ‘एन.एच. ४’, अजून ओला. मी खालून म्हटलं, आता तो पंच्याहत्तर आहे. त्याने ब्रश न थांबवता विचारलं की तुम्ही इथं नवीन का. मग मालकाकडे बघितलं. मालक म्हणाला, असू दे, पण बाजूला जागा आहे, तिथं बारीक पंच्याहत्तर पण टाक.